पाहण्याच्या दिवशी प्रेमिलाचा फोन

माझी धाकटी जाऊ प्रेमिला मूळची खाप्याची. सातवी पास. मी तिसरीतच पाटी ठेवून दिली, म्हणून आमच्या घरातली शिकलेली सून म्हणजे तीच. स्वभावाने अशी, की कोणाला नाही म्हणणं तिला जमतच नाही. झाडूवाला आला की झाडू घेणार, घरात पाच पडलेले असले तरी. जनगणनेवाला आला तर त्याला चहा पाजणार आणि त्याने न विचारलेलंही सगळं सांगणार. माझ्या गुडघ्याचं दुखणं त्या सरकारी कागदात गेलं असेल तर तिच्यामुळेच.

अकरा-बारा वर्षं झाली असतील. भाऊबीजेला तिच्या भावाने ओवाळणीच्या ताटात एक चपटा, काळा, चकचकीत फोन ठेवला. मानेवाड्याच्या आमच्या गल्लीतला तसला पहिलाच. माझे दीर गिरिधर, म्हणजे तिचे यजमान, म्हणाले, "याले बटनं कुठी आहेत?" त्यांनी तो उलटा करून पाहिला. मागेही नव्हती.

फोन उघडायला त्यावर नऊ ठिपके यायचे. ठिपके पाहिल्यावर प्रेमिलाला कोणी काय शिकवावं? रोज सकाळी अंगणात दुसरं करते काय ती! तिने एका दमात सुरेख रेघ ओढली आणि तेच फोनाचं कुलूप ठरलं. फक्त ते लपवायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नाही. रांगोळी कोणी लपवून काढते का? हळदीकुंकवाला आलेल्या बायांना तिने फोन उघडून दाखवला. ज्यांना जमेना त्यांचा हात धरून गिरवून घेतलं. महिन्याभरात आख्ख्या गल्लीला तिचं कुलूप येत होतं.

"अवं, कुलूप आहे ते!" दीर म्हणायचे.

"मंग? आपल्या गल्लीत चोर आहे का कोणी?"

यावर दीर दाराकडे पाहायचे. गल्ली दारातच उभी असायची.

त्याच वर्षी तिच्या मिनलला स्थळ सांगून आलं. मिनल शाळेत गणित शिकवायची. मुलगा अनिश, मौद्याच्या यमुताईंचा, जहाजावर इंजिनियर. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडले. पण मुलगा होता कोचीनच्या बंदरात, आणि रविवारी बरोबर बारा वाजता त्याचं जहाज सुटणार होतं. मग चार महिने ना रेंज ना बातमी. यमुताईंनी स्पष्टच सांगितलं, "रविवारी त्यानं पोरीले पाहिलं, दोघं बोलले, तर ठीक. नाही तर आणखी दोन स्थळं थांबली आहेत. कोणाले चार महिने ताटकळत ठेवत नाही मी."

प्रेमिला ताठ बसली. "पाहणं होईल. माझ्या फोनवर होईल." वेळ ठरली अकराची.

रविवारी नऊ वाजता तिने बारा माणसांचे पोहे केले.

मी म्हटलं, "मुलगा कोचीनले, पोहे कोणाले वं?"

"बाई, पोह्याशिवाय पाहणं होते का? त्याले दाखवू तरी!"

मिनल अबोली साडी नेसून खुर्चीवर बसली. समोर पितळी डब्याला टेकवून फोन उभा केला, त्याला हळदीकुंकू लावलं. पावणेअकराला त्या फोनाने आपल्या मनानेच काहीतरी इंग्रजीत विचारलं. प्रेमिलाने अक्षर लावून वाचलं. नवीन काही आलं आहे, आत घ्यायचं का? खाली दोन चौकोन होते, एक ‘नाऊ’, एक ‘लेटर’.

आता आमच्याकडे शुभकार्याच्या दिवशी दारात आलेल्याला ‘नंतर ये’ म्हणत नाहीत. भांडीवाली असो की भिक्षा मागणारा, त्या दिवशी कोणाला परत लावायचं नाही. प्रेमिलाने पदर सावरला आणि ‘नाऊ’ दाबलं.

फोन काळा झाला.

"काय केलं वं?" दीर ओरडले.

"त्यानं विचारलं, मी हौ म्हटलं."

"काहून?"

"आज चांगला दिवस आहे नं!"

पाच मिनिटांनी फोनात जीव आला. पण त्यावर नुसतंच लिहून आलं, शहाऐंशीपैकी एक. मग दोन. मग तीन. आवाज ऐकून शेजारची कांताबाई आली, तिच्यामागे आणखी चार-पाच जणी आल्या आणि सगळ्या मिळून मोजू लागल्या. "अकरा! बारा!" दीर येरझारा घालत होते. "शहाऐंशी काय? वऱ्हाडी मोजून राहिल्या का तुम्ही?"

चाळीसवर आकडा अडकला. प्रेमिलाने फुंकर मारली. कांताबाई म्हणाली, "बॅटरी काढून पुन्हा लाव. मी रेडिओले असंच करते."

"खबरदार!" दीर म्हणाले.

सव्वाअकरा झाले. माझ्याजवळ बटनांचा साधा फोन होता, त्यावरून मी यमुताईंना लावला.

"यमुताई, फोन तयार होऊन राहिला."

"पोरगी तयार आहे नं?"

"पोरगी कवाची तयार आहे!"

"मंग फोनाले साडी नेसवून राहिले काय तुम्ही? अनिश तिकडं हातात धरून बसला आहे. बाराले जहाज सुटते, सांगून ठेवते."

 माझा फोन मिनलच्या हाती देऊन मी मोजणाऱ्यांत जाऊन बसले. एवढ्यात एक्केचाळीस आलं आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. सत्तर येता येता आम्ही सगळ्या एका सुरात मोजत होतो. पंच्याऐंशीला सगळ्या जणी उठून उभ्या राहिल्या. शहाऐंशी झालं तेव्हा अकरा चाळीस.

आणि आले ते नऊ ठिपके.

घाईत प्रेमिला उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करी, आणि रेघ भलतीकडेच जाई. एकदा चूक, दोनदा चूक. पाचव्यांदा फोन म्हणाला, तीस सेकंद थांबा. बायांनी तीसही मोजले. मग कांताबाईने पदराला हात पुसला, पुढे झाली आणि एका फटक्यात फोन उघडला. "डाव्या कोपऱ्यातून सुरू करायचं, विसरली का वं?"

"मिनल! लवकर!" प्रेमिलाने हाक मारली.

खुर्ची रिकामी. पोह्यांची एक बशीही नव्हती. न्हाणीघरात पाहिलं, देवघरात पाहिलं. शेवटी मागच्या पायरीवर सापडली. माझा फोन कानाला, बशी मांडीवर, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी.

"कोणाशी बोलून राहिली वं?"

"त्यांच्याशीच, आई. यमुकाकूंकडून नंबर घेतला."

"कवापासून?"

"चाळीसवर अडकला होता नं, तवापासून."

प्रेमिला मटकन पायरीवर बसली. "आन् एवढा वेळ काय बोलली?"

"तुमचंच चाललेलं सांगून राहिली होती. ते म्हणाले, दार उघडं ठेव, मले मोजणं ऐकू दे. सत्तरनंतर तेही मोजत होते."

"हौ म्हटलं का त्यानं?"

"त्यांनी म्हटलं. मी म्हटलं नाही अजून. पाहिल्याशिवाय कशी म्हणू?"

मिनलने आईच्या हातातून तो चपटा फोन घेतला आणि तिथंच पायरीवर बसून लावला. आम्ही सगळ्या तिच्या मागे दाटलो. काचेवर अनिश आला. ओल्या केसांचा भांग पाडलेला, मागे लोखंडी भिंत. आमची एवढी डोकी एकदम पाहून तो बिचारा उठून उभाच राहिला. प्रेमिलाने त्याच्या नाकासमोर पोहे धरले.

मिनलने आईचा हात बाजूला केला. उत्तरपत्रिका तपासावी तसं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं, कान लाल झाले तिचे, आणि म्हणाली, "हौ."

अनिश मोठ्याने हसला. तेवढ्यात तिकडे जहाजाचा भोंगा वाजला आणि चित्र होतं तिथंच थांबलं. हसरं तोंड उघडं, एक हात वर.

"हात लावू नका कोणी!" प्रेमिला दोन्ही हात पसरून फोनासमोर उभी राहिली. "असाच राहू द्या जावई. आता यानं काहीही विचारलं तरी मी हौ म्हणत नाही!"