यमुनाबाईंचं वय वाढेना

नाशिकहून एसटी सुटली तेव्हा शेजारच्या सीटवर माझी बॅग बसलेली. इंदिरानगरच्या खोलीतला पार्टनर पुण्याला गेल्यापासून हीच माझी सोबत. तो गेल्याचं घरमालकीणबाईंना ठाऊक नाही; परवा त्यांनी दाराबाहेरून त्याला हाक मारली, तर मी त्याच्याच आवाजात ओ दिली. नकला बऱ्या जमतात मला. पण बॅग हसत नाही.

माझं काम म्हणजे चांदवडकडच्या एका गावाच्या, दहा-दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या तीन जनगणनांच्या घरयाद्या जुळवायच्या. कुटुंबं कशी बदलत गेली, ते त्यावरून अभ्यासकांना कळतं. कॉम्प्युटर एका यादीतल्या माणसाला पुढच्या यादीतला तोच माणूस जोडतो, अडला की मला पिटाळतात. या वेळी तो यमुनाबाईंवर अडला होता. पहिल्या यादीत वय पन्नास, दुसऱ्यात साठ, तिसऱ्यात परत साठच!

चांदवडला उतरून जीप धरली. दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी (कांदा साठवायच्या जाळीच्या खोल्या).

"कुणाकडं?" ड्रायव्हरने विचारलं.

"यमुनाबाईंकडे."

त्याने आरशातून बघितलं. "बाबा भेटतील."

दामूबाबा, यमुनाबाईंचे नवरे, ओट्यावरच होते. नव्वदीला टेकलेले.

"राम राम बाबा. यमुनाबाई हायेत का घरात?"

"आमच्यावानी बोलून दावतो व्हय रे?" ते हसले. मग म्हणाले, "दुसरी गनती झाली, त्याच साली ती गेली."

"मग तिसऱ्या यादीत?"

"गनतीला आलेल्या मास्तरनी इचारलं, घरात किती मान्सं. एक म्हनायला तोंडच उघडंना. दोन सांगितलं. वय गेली तवाचं."

त्यांनी स्वतः केलेली पिठलं-भाकरी पुढं ठेवली. "नकल्या हायेस ना? तिची कर."

"मी त्यांना कधी ऐकलं नाही, बाबा."

मग बाबाच बारीक, खणखणीत बायकी आवाजात म्हणाले, "आवं, भाकर निवती ना!"

मी घास हातातच धरून बसलो.

"रोज म्हनतो जेवताना," ते पुटपुटले. "आता नाव खोडनार तिचं?"

"तिसऱ्या यादीपुढे मृत लिहावं लागेल."

"आन् आधीच्या दोन?"

"तिथून त्यांना कुणी हलवत नाही. तिथं तुम्ही दोघं जोडलेलेच."

"मंग लिही. माझ्या घरात एक लिही."

लिहिलं.

संध्याकाळी इंदिरानगरला पोचलो तर जिन्यातच मालकीणबाई वही घेऊन उभ्या.

"सोसायटीला द्यायचंय. खोलीत दोघंच ना रे?"

पार्टनरचा आवाज घशापर्यंत आला होता. गिळला.

"एक," मी म्हणालो. म्हणायला जरा वेळ लागला.