निर्गुडीसोबतचं दुसरं पान

कामणच्या सत्यवतीबाईंचा लेप सुजेवर हमखास चालतो, हे आसपासच्या चार गावांना ठाऊक होतं. गुडघा सुजून भोपळा झालेला माणूस दोघांच्या खांद्यावरून यायचा आणि आठवड्यानं आपल्या पायांनी भाताच्या लावणीला जायचा. लेपात निर्गुडी आहे हे वासावरून कुणीही सांगे. दुसरं पान कुठलं, ते मात्र बाईंनी कुणाला कळू दिलं नाही. नाव फुटलं की गुण जातो, आणि सांगायचंच तर फक्त सुनेला. लेक काय, उद्या परक्याची.

ही लेक, हेमांगी, बेचाळीस वर्षांत कुणाच्याच घरी गेली नाही. वसईच्या एका कॉलेजात तिनं प्रयोगशाळा सांभाळली, संध्याकाळी आईचे पाय चेपले, शेवटची दोन वर्षं तिला घास भरवले. सून स्वप्ना गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये. गणपतीला यायची, मोदक खाऊन जायची. पण रीत म्हणजे रीत.

कॉलेजात पाल्याच्या अर्काची चाचणी निघाली, तेव्हा हेमांगीनं आईला विचारलं, "मला तरी सांग. मी कुठं जानार हाय?"

"लेक ती पावनीच, बाय," आई म्हणाली. "पावन्याला घरचं सांगत नाय."

पुढं आई गेली. हेमांगीनं नुसत्या निर्गुडीचा अर्क अंड्याच्या पांढऱ्यात मिसळून नळी तापवली. अर्कात सूज उतरवायचा गुण असेल तर पांढरं नितळ राहायला हवं. ते ताकासारखं गढूळ झालं. मग बांधावरचा एकेक पाला जोडीला घालून पाहिला. सोळा पाले झाले, सोळाही नळ्या गढूळ. शेवटी नाक मुठीत धरून तिनं स्वप्नाला फोन लावला.

"ते होय? सागरगोट्याचा पाला," स्वप्ना म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आईंनी कानात सांगितलेलं. विसरेन म्हणून मी मोबाईलमध्ये टाईप करून ठेवलं. आधी विचारायचं ना, ताई."

दुसऱ्या दिवशी नळी नितळ राहिली. चाचणी चालवणाऱ्या मॅडमनी तीनदा करून पाहिली आणि हेमांगीची पाठ थोपटली. मग एक फॉर्म पुढं केला. त्यात एक रकाना होता : ही माहिती कुणाकडून मिळाली?

हेमांगीला 'आईकडून' लिहायचं होतं. एवढंच तिला जन्मभर हवं होतं. तिनं वळणदार अक्षरात स्वप्नाचं नाव लिहिलं.