दौऱ्याचा भत्ता आणि आमचा सोफा

माझा मामा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करतो. हे सांगितलं की लोक हसतात आणि मला त्यांचा राग येतो. खुर्चीची पाठ अर्ध्यात अडकली की तोंड उघडून पडलेल्या माणसाला मामाची किंमत बरोबर कळते. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या शहरात. दर महिन्याला मामा अवजारांची जड पेटी घेऊन आमच्या गावी दौऱ्यावर येतो, दिवसभर दवाखान्यांच्या फेऱ्या मारतो आणि दोन रात्री आमच्याकडे पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपतो.

ते दोन दिवस म्हणजे माझ्या आईचा अख्खा महिना. बाबा गेल्यापासून ती घरीच पडदे शिवते. एरवी तिचं बोलणं मशीनशी नाहीतर माझ्याशी, आणि मी घरात असते ती जेवणापुरती. मामा यायच्या आदल्या दिवशी मात्र ती सोफ्यावरचे कापडाचे गठ्ठे हलवते, उशीचा अभ्रा बदलते आणि मला विनाकारण फैलावर घेते. मग भाऊ आला की दोघांची लहानपणीची तीच ती भांडणं नव्याने सुरू. बोलता बोलता मामा नळाचा वायसर बदलतो, खिडकीची कडी बसवतो. आई म्हणते, "जरा स्वस्थ बस ना," आणि लगेच दुसरं काहीतरी मोडकं आणून त्याच्यापुढे ठेवते.

या सुखात माशी शिंकली ती कंपनीत नव्या हिशेबनीस बाई आल्या तेव्हा. तोवर दौऱ्यावर राहण्या-जेवणाचा ठरलेला भत्ता मिळायचा आणि त्याचं काय केलंत असं कोणी विचारत नसे. बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, कामासाठी फिरताना भत्त्यातला जेवढा भाग खरोखर खर्च झाला, तेवढ्यावर आयकर नाही. पावती आणा आणि सुटा. जो खर्च न होता खिशात राहिला, तो पगारच धरायचा आणि त्यावर कर कापायचा.

"मग माझा सगळाच भत्ता करात सापडला," मामा जेवताना हसत म्हणाला. "इथे आल्यावर मी खर्च करतो कुठे?"

तो गंमत म्हणून सांगत होता. आईचा हात मात्र ताटावरच थांबला.

"माझ्याकडे राहतोस म्हणून तुझे पैसे कापतात?"

"अगं, पैसे म्हणजे कर..."

"एकच ते! पुढच्या वेळेपासून लॉजवर उतर. बस स्टँडसमोर चांगला लॉज आहे. त्यांचे पडदे मीच शिवलेत."

कोणाचे उपकार आईला चालत नाहीत, आणि आपला भार दुसऱ्यावर पडलेला तर मुळीच खपत नाही. शिवाय ती एकदा बोलली की स्वतःचा शब्द मागे घेणं तिच्या जिवावर येतं. मामा खरंच लॉजवर उतरायला लागला असता तर तिच्या महिन्यात उरलं काय असतं? पडदे!

जेवण झाल्यावर मामाने तिची समजूत काढायला मशीनवरची कापडाची एक पट्टी उचलली. "हे बघ ताई, हा माझा भत्ता. लॉजवर उतरलो तर ही अख्खी पट्टी लॉजवाल्याची. कर काही नाही, पण माझ्याही हातात काही नाही. तुझ्याकडे राहिलो तर पट्टी माझी. सरकार त्यातलं फक्त एवढं घेणार." आणि त्याने कात्रीने पट्टीचं टोक कचकन कापलं.

आई किंचाळली. ती कतरण नव्हती, गावातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या पडद्याची झालर होती.

मग झोपेपर्यंत झालर, मामाचा धसमुसळेपणा आणि त्याने लहानपणी तोडलेली आईची बाहुली एवढंच चाललं. लॉजचा विषय मागे पडला आणि मला हायसं वाटलं. पण मामा परत गेल्यावर आई पडद्याला टाके घालता घालता म्हणाली, "म्हणजे राहायचं इथे आणि पावती फक्त लॉजची असली, तर अख्खी पट्टी त्याचीच राहील."

"आई, ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? झोपतो, जेवतो ते तर खरंच ना? पत्ता तेवढा वेगळा."

तिच्याशी वाद घालून फायदा नसतो. पुढच्या दौऱ्याला मामा आला, हातपाय धुऊन सोफ्यावर टेकला, तशी आईने चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला. लॉजची कोरी पावती, खाली मालकाची सही आणि शिक्का. शिलाईत सूट देऊन तिने ती मिळवली होती.

"घाल काय आकडा घालायचा तो," ती म्हणाली. भावाला आपणच पगारवाढ दिल्यासारखी खूश होती.

मामाने पावती वाचली, उलटून पाहिली, परत वाचली. त्याला चेष्टा सुचत नाहीये, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"यावर माझं नाव लिहायचं?"

"मग काय माझं?"

"ताई, हा कागद काय सांगतो माहितीये? मी या गावात येतो आणि मला लॉजवर झोपावं लागतं. म्हणजे इथे माझं कोणी नाही." त्याने पावती खाली ठेवली. "मी हिशेबनीस बाईंना लिहून दिलंय. राहण्याचा खर्च नाही, बहिणीकडे उतरतो. कापू देत काय कापायचं ते. ऑफिसातल्या कितीजणांना असं लिहिता येतं?"

मला त्या क्षणी मामाचा फार अभिमान वाटला. आई उठून स्वयंपाकघरात गेली, उगाच भांडी आपटली आणि थोड्या वेळाने आतूनच ओरडली, "मग भर तुझा कर! मला रडवतोस कशाला?"

आमच्या सोफ्याचा एक पाय आखूड आहे. गावातल्या सगळ्या खुर्च्या सरळ करणारा माणूस वर्षानुवर्षं आमच्याकडे डुगडुगत झोपायचा, कारण आई एकदा सोफ्यावर बसवल्यावर त्याला उठू देत नसे. आता ती आत आहे हे बघून मामाने पावतीची घट्ट घडी घातली, खाली वाकला आणि ती त्या पायाखाली सारली. बसून पाहिलं. सोफा हलला नाही.

"लॉजवाल्याची एवढी तरी मदत झाली," तो मला डोळा मारून म्हणाला.

ती घडी अजून तिथेच आहे. केर काढताना कधी बाहेर सरकते. आई गुडघ्यावर हात ठेवून वाकते, ती परत जागेवर बसवते आणि मामा यायला किती दिवस उरले ते मला सांगते.