दिवस मावळायच्या आत

आमच्या अक्का, म्हंजे माझ्या सासूबाई गुणमाला, उंचीनं साडेचार फूट. पण हट्टाला पेटल्या की समोरच्यानं ट्रॅक्टरसुद्धा मागं घ्यावा!

माझे सासरे पायगोंडाआण्णा, त्यांना अर्धांगवायू झाला. मिरजेच्या दवाखान्यातनं घरी आणलं तवा बोलणं न्हाई, गिळणं न्हाई, नाकातनं पोटात नळी. चार्टवर लिहिलेल्या वेळंला मी त्यांना बसवून नळीतनं दूध-पेज द्यायची. पण रोज रात्री आठला आण्णा चांगल्या हातानं नळीला हिसके द्यायचे. दोनदा तर उपटूनच काढली. दोन्ही खेपेला मिरजेला पळालो. आता परत उपटली तर हात बांधायचा, असं ठरलं.

तिसऱ्या खेपेला आण्णांनी नळीला हात घातला तसा माझा नवरा हात बांधायला पट्टी घेऊन आला. अक्का मधी उभ्या राहिल्या.

"हात लावून तर बघ! डोकं त्यांचं फिरलंय का तुमचं? दिवसा कवा वडली व्हय नळी?"

नवऱ्यानं पट्टी खाली ठेवली. पन्नास वर्षं दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस, आणि मी जैनाघरची सून, त्यांच्या पोटात रात्री दूध वतत हुते! का, तर चार्टवर लिहिलंय! लय लाज वाटली मला.

सकाळी अक्कांनीच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी औषधांसकट सगळ्या वेळा दिवसात बसवून दिल्या. मग रोज संध्याकाळी अंगणातनं हाक यायची, "चंदना, आवर गं! दिवस उसाच्या शेंड्यावर आला!"

आण्णांनी परत नळीला बोट लावलं न्हाई.

दोन महिने गिळायचा सराव झाला. मिरजेत तपासणी झाली, नळी निघाली, मऊ खायची परवानगी मिळाली. येताना रेल्वे फाटकात अडकलो. घरी पोचल्या पोचल्या आनंदाच्या भरात मी मिक्सरमधनं काढलेली घट्ट खीर पुढं केली. आण्णांनी तोंड घट्ट मिटलं आणि खिडकीकडं बोट केलं. बाहेर अंधार पडला हुता.

अक्का हसता हसता रडायला लागल्या. "बघा! डोकं जाग्यावर हाय म्हणत हुते न्हवं!"

सकाळी ऊन उंबऱ्यावर आलं, तवा अक्कांनी ताज्या खिरीचा पहिला चमचा दिला. आण्णांनी सावकाश गिळला. ठसका न्हाई, काय न्हाई. आमी सगळी त्यांच्या गळ्याकडंच बघत हुतो. आण्णांनी अक्कांकडं बघितलं आणि अडखळत, पण स्पष्ट म्हणाले, "साखर... कमी हाय."

"आला गं बाई," अक्का वरडल्या, "माझा भांडणारा माणूस परत आला!"