डावा कोपरा

माझा हात जड आहे. हे मी नाही सांगत, माझ्या हाताखालून गेलेलं कुठलंही पोरगं सांगेल. चाकणच्या अलीकडं, कंपन्यांच्या रस्त्याला लागून आमचं हायस्कूल. पाचवी ते दहावी, एकेका इयत्तेच्या सात-सात तुकड्या, सकाळी मुली आणि दुपारी मुलं. एवढ्या पोरांना ग्राउंड एकच आणि पीटीचा सरही एकच, तो म्हणजे मी. हेडमास्तर आले नि गेले, शाळा मी चालवली, शिट्टीवर आणि हातावर. आता निवृत्तीला सहा महिने राहिलेत म्हणून तोंड उघडतोय, नाहीतर हे बोलायची माझी छाती नव्हती. मी एका पोराचा कान फोडला. डावा कान. आणि त्या पोराला मिलिटरीत जायचं होतं, जिथं कान तपासल्याशिवाय घेत नाहीत.

तो आठवीत आमच्याकडं आला. शेजारच्याच गावचा, जमीन एमआयडीसीत गेलेली, बाप कंपनीत कंत्राटावर माल उतरवायचा. बापानं त्याला माझ्यापुढं उभा केला आणि म्हणाला, "सर, काय मारायचं ते मारा. हाडं तेवढी ठिवा." तेव्हा सगळेच बाप असं म्हणायचे. मीही दरवेळी तेच म्हणायचो, "काळजी करू नका, सरळ करतो."

पोरगं तसं सरळच होतं. सुट्टीला देहूरोडला मामाकडं जायचं, तिथं सकाळी जवान पळताना बघायचं, तेव्हापासून डोक्यात एकच खूळ. पहाटे उठून एकटाच पळायचा आणि मग शाळेत यायचा. कबड्डीत तर असा चपळ की पहिल्याच आठवड्यात मी त्याला संघात घेतला. आमच्या खेळाच्या खोलीत एक भिंत होती. भरती झालेली पोरं वर्दीतला फोटो आणून द्यायची, मी तो तिथं लावायचो. त्या भिंतीवर एक खिळा मोकळा होता. एकदा त्यानं त्याला बोट लावलं आणि म्हणाला, "सर, ह्यो माझा." मी म्हणालो, "ठेवला. पण मी सांगेन तसं खेळायचं." "व्हय सर," म्हणाला.

दहावीत होता तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या स्पर्धेआधी थेरगावच्या एका शाळेचा संघ आमच्याकडं सरावाला आला होता. सामना संपत आलेला, आम्ही एका गुणानं पुढं, पण आमच्याकडं गडी हा एकटाच उरलेला. शेवटची चढाई त्याची. जायचं, वेळ काढायचा आणि मागं यायचं, बास. पण समोर एक गडी बेसावध दिसला आणि याला मोह झाला. आत घुसला. तिघांनी आडवा केला, लोण बसला, सामना गेला. रेषेबाहेर आला तेव्हा तोंडभर माती होती आणि मला बघून तो ओशाळून हसला. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

कानाखाली जाळ काढला. उघडा पंजा, पूर्ण ताकद. आवाज एवढा झाला की पलीकडं क्रिकेट खेळणारी पोरं थांबली. तो मटकन खाली बसला. "ऊठ, नाटकं करू नको," मी म्हणालो. उठला. कानाला बोट लावून बघितलं, बोटावर रक्ताचा ठिपका होता, तो चड्डीला पुसला. थेरगावचे सर मला म्हणाले, "राव, पोरं चांगली धाकात ठेवलीत." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

त्यानंतर पोरगं माजलं, असा माझा समज झाला. ग्राउंडवर पोरांचा गलका, रस्त्यानं कंटेनरचे हॉर्न, त्यात मी शिट्टी वाजवली की सगळे जागच्या जागी थांबायचे. हा एकटा दोन पावलं पुढं जाऊन थांबायचा, तेही दुसरे थांबलेले बघून. मी त्याच्या पोटऱ्यांवर वेताची छडी ओढायचो. रांगेत हजेरी घेताना "हजर" म्हणायचा नाही, शेजारच्यानं कोपर मारलं की म्हणायचा. परत छडी. एकदा त्याच्या डाव्या अंगाला उभं राहून तीन हाका मारल्या. ढिम्म. माझ्या हातात स्टंप होता, तो पाठीत घातला. त्यानं दचकून वळून बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत असं काही आश्चर्य होतं, जसं काही मी आभाळातून पडलोय. मला तो उर्मटपणा वाटला. म्हणून अजून एक घातला.

घरी बायकोला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरगं आजारी-बिजारी नाही ना? जरा विचारा तरी." मी म्हणालो, "तुला काय कळतंय ग्राउंडमधलं?" ती गप्प बसली. माझ्यापुढं सगळेच गप्प बसायचे, हीच माझी शिस्त.

मग संघानं एक आगाऊपणा केला. या पोराला मी उजव्या कोपऱ्यात उभा करायचो. एक दिवस येऊन बघतो तर तो डाव्या कोपऱ्यात. संघाचा कॅप्टन मराठवाड्याकडून आलेल्या एका कामगाराचा मुलगा होता, अंगानं काटकुळा पण डोक्यानं तल्लख. मी विचारलं, "हा तिकडं कशाला?"

"सर, राहू द्या की. तिकडून चांगलं धरायलाय त्यो."

"संघ कोण लावतो? तू का मी?"

"तुम्हीच, सर."

"मग?"

कॅप्टन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. मी त्याच्या हातावर छड्या दिल्या. हात सुजला, पण कारण काही सांगेना. मग मी सातही जणांना विचारलं. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. सातही जणांनी एकापाठोपाठ हात पुढं केले आणि मी चौदा हातांवर मारत सुटलो, माझा खांदा भरून आला तरी. शेवटी मीच दमलो आणि म्हणालो, "मरा, काय करायचं ते करा." खरं तर तो तिकडून धरत होता चांगलं. त्या जागेवरून त्यानं महिनाभर एकाही गड्याला सुखानं परत जाऊ दिलं नाही.

तालुक्याच्या अंतिम सामन्याला आसपासच्या गावांतली निम्मी माणसं आली होती. पहिल्या दहा मिनिटांत आमच्या एकाचं नाक फुटलं आणि त्यांच्या एकाचा दात मातीत सापडला. त्यांचा चढाईला येणारा गडी थोराड, ओठावर मिशी. तो सतरा वर्षांखालचा असेल तर मी अजून पाळण्यातला. तो आमच्या पोरांच्या छाताडावर लाथा घालून गुण नेत होता. आणि मी रेषेवरून ओरडत होतो, "धरा त्याला. धरला की सोडायचा नाही. शिट्टी होईस्तोवर मेला तरी सोडायचा नाही." हे मी त्यांना तीन वर्षं शिकवलेलं होतं.

शेवटी शेवटी तो गडी डाव्या कोपऱ्याकडं वळला आणि आमच्या पोरानं त्याचा घोटा धरला. वरून चौघं पडले. ढीग झाला. शिट्टी वाजली. एकेक जण उठून बाजूला झाला. हा उठला नाही. उजव्या कुशीवर पडला होता, उजवा कान मातीत दाबलेला, डावा वर. दोन्ही हातांनी त्यानं तो घोटा पिळून धरलेला. पंच त्याच्या डोक्यावर वाकून शिट्टी फुंकत होते, एकदा, दोनदा, तीनदा. थोराड गडी जोर लावून पाय ओढत होता आणि हा मी शिकवल्याप्रमाणं अजून पिळत होता. तुरीची वाळकी काठी मोडावी तसा तो घोटा मोडला. तो गडी गुरासारखा ओरडला.

मग जे व्हायचं ते झालं. त्यांच्या गावची माणसं मैदानात घुसली. कुणी याच्या पाठीवर नाचलं, कुणी डोक्यात खुर्ची घातली. डोकं फुटलं तरी यानं घोटा सोडला नाही. तेवढ्यात आमचा काटकुळा कॅप्टन त्या लाथांच्या मधून आत घुसला. त्यानं याचे केस धरून डोकं मातीतून वर उचललं, वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेला, उजव्या कानाला तोंड लावलं आणि बोंबलला, "सोड. शिट्टी झाली." यानं लगेच हात सोडले. रक्तानं भरलेल्या तोंडानं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "कवा?"

 मी तिथंच रेषेवर बसलो. डाव्या कोपऱ्यातल्या गड्याच्या डावीकडं फक्त रेषा असते. त्याची सगळी माणसं उजवीकडं. पोरांनी त्याला तिकडं ठेवला होता, कारण त्यांनी काही सांगितलं तर ते चांगल्या कानात पडावं. मला सांगितलं नाही, कारण मी त्याला संघातून काढलं असतं आणि भरतीत उपयोगी पडणारं खेळाडूचं सर्टिफिकेट गेलं असतं. हे कॅप्टननं मला पुढं सांगितलं. माझ्या पोरांना सगळं कळलं होतं. मी मात्र इतके दिवस एका बहिऱ्या पोराला ऐकू येत नाही म्हणून मारत होतो.

पंचांनी त्याला बाहेर काढलं, पण आम्ही गुणांनी पुढं होतो, म्हणून सामना आम्हीच जिंकलो. मी त्याला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोक्याला टाके घातले, हात धुतले आणि विचारलं, "अजून कुठं काही दुखतंय?" पोरानं माझ्याकडं बघितलं. 

मी म्हणालो, "नाही, एवढंच आहे."

दोन कारणं होती. दहा-बारा दिवसांवर जिल्ह्याचे सामने आले होते. आणि डॉक्टरांनी विचारलं असतं, कुणी मारलं. दुसरं कारण मोठं होतं. कानफटात मारली तो राग होता, रागाचं काय, तो येतो. पण दवाखान्यात मी रागात नव्हतो, चांगला शुद्धीत होतो. त्या दिवशी कान दाखवला असता तर पडदा भरूनही आला असता, असं मला पुढं एका कानाच्या डॉक्टरनं सांगितलं. मी त्याला मारलं त्यापेक्षा हे वाईट केलं.

जिल्ह्याला आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. त्या पोराला मी नंतर कधी बोट लावलं नाही. बाकीच्यांना मारतच राहिलो, तेही सांगून टाकतो.

बारावीनंतर तो भरतीला गेला. मी सोबत गेलो. धावण्यात त्याच्या गटात पहिला आला, बाकीचे धापा टाकत पडलेले आणि हा उभा. छाती बसली, उंची बसली. मग मेडिकल. मी फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा होतो. तो बाहेर आला, माझ्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अनफिट. कान."

मी त्याच्या हातातला कागद घेऊन उलटसुलट बघितला.

"डॉक्टरनं इचारलं, कशानं झालं. मी म्हनलं, हिरीत उडी मारली तवा." एवढं बोलून तो पायाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी काळजी करू नका, सर."

तेव्हा तरी त्याचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "चल, चहा घेऊ." आयुष्यात मी एवढा भित्रा कधीच नव्हतो. शाळेत परत आलो आणि तो मोकळा खिळा काढून टाकला. भिंतीला भोक राहिलं, त्यावर कॅलेंडर लावलं.

तो चाकणला एका प्रेसशॉपमध्ये लागला, पत्र्याचे पार्ट दाबून काढायच्या कामाला. तिथं मशिनच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे खाणाखुणांनी बोलतात, त्यामुळं त्याचं काही अडलं नाही. चौकात कधी भेटला की वाकून पाया पडायचा. एकदा बरोबरच्या सुपरवायझरला म्हणाला, "हे आमचे सर. ह्यांच्यामुळं घडलो." मी त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं, कुठं टोमणा आहे का. नव्हता. त्यानं मला चारचौघांत चार शिव्या घातल्या असत्या तर मी निवांत झोपलो असतो.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीत मी ग्राउंडवर उभा होतो, तेव्हा तो फाटकातून आत आला. कंपनीचा निळा शर्ट, कानशिलावर पांढरे केस. बरोबर पाचवीतला मुलगा, बापासारखाच काटक. "ह्याला कबड्डीत घ्या, सर," तो म्हणाला. "आनी मस्ती केली तर मारा." मी कसाबसा हसलो आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला. पोराचा बाप माझ्या त्या हाताकडं बघत होता.

मग अगदी हळू आवाजात, पोराला ऐकू जाऊ नये असं, तो म्हणाला, "हाडं मोडली तरी चालतील, सर. फक्त कानाखाली मारू नका."

सोळा-सतरा वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला. मी हात काढून घेतला. तेवढ्याच हळू म्हणालो, "नाही मारणार."

भोवती पोरांचा गलका होता आणि रस्त्यानं कंटेनर चालला होता. त्यानं मान वळवली, उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला आणि विचारलं, "काय म्हनलात, सर?"