आजोबांचे एकतीस आजार आणि माझ्या तीन पुरवण्या

तुमच्या आजोबांना एकूण एकतीस आजार आहेत, हे मला त्यांच्या आरोग्य विम्याचा अर्ज भरताना कळले.

रेवा आणि ईशान, ही गोष्ट आजोबांच्या निवृत्तीनंतरची. तोवर चाकणच्या कंपनीचा गट विमा होता. नोकरी संपली, तो संपला. मग आमच्या थेरगावच्या घरी दत्ता आला. चाकणजवळच्या गावातला, माझा जुना विद्यार्थी, आता विमा एजंट. (इंग्रजीत दोनदा नापास. दोन्ही वेळा माझ्याच हातून!)

मी वही उघडून बसले. "दत्ता, प्रकार नीट समजावून सांग. क्रमाने."

"बाई, सोप्पं हाय. कंपनीचा विमा म्हंजी कँटीन. नोकरी हाय तवर जेवा. वैयक्तिक म्हंजी ज्याचं त्याचं ताट. फ्लोटर म्हंजी दोघांत एकच ताट."

"आणि टॉप-अप?"

"पयलं ताट संपल्याबिगर दुसरं वाढत न्हाईत, त्ये!"

आजोबा पेपरामागून म्हणाले, "एका ताटात नको. ही माझ्या वाटणीचंही शिस्तीत संपवेल."

आम्ही प्रत्येकी एक वैयक्तिक पॉलिसी आणि वर टॉप-अप ठरवला. उरला फक्त अर्ज. दत्ता म्हणाला, "मी भरतो." मी म्हणाले, "माझ्या घरात अर्ज मी भरते."

आणि तिथेच माशी शिंकली.

'पूर्वीचे आजार असल्यास तपशील द्या.' खाली जागा किती? दोन ओळी! चौतीस वर्षे मुलांना 'सविस्तर उत्तर लिहा' असे बजावणारी बाई दोन ओळींत काय लिहिणार? मी फुलस्केप कागद घेतले. रक्तदाब कधीपासून, कोणती गोळी, किती वाजता. मग गोवर. मशीनमध्ये चेमटलेले बोट. घोरणे (पाठीवर झोपल्यास जास्त). पेपर उशिरा आल्यास होणारी चिडचिड. कारल्याची ॲलर्जी (त्यांच्या सांगण्यावरून, पुरावा नाही). तीन पुरवण्या झाल्या. परीक्षेत बांधतात तशा पांढऱ्या दोऱ्याने अर्जाला बांधल्या आणि खाली लाल शाईने रेघ मारली.

दत्ताने गठ्ठा हातात तोलून पाहिला. "बाई, कंपनीनं अर्ज मागितला हुता. आत्मचरित्र न्हाई!"

"खोटं लिहू?"

"न्हाई वो. पन घोरनं कशापायी? आता नाकारला, तर या वयात दुसरं कोन दारात उभं करनार?"

तेव्हा मात्र मी सगळ्याची एक प्रत काढून फाइलला लावली आणि गठ्ठा तसाच पाठवला. चार दिवसांनी विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. आजोबांनी स्पीकर लावला.

"काका, चिडचिडीचे झटके साधारण कधीपासून येतात?"

"झटके? मला? कोण म्हणतं?" आजोबा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू पळत आल्या.

"बरं," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "नोंद घेतली."

पुढे तपासण्या झाल्या, आणखी दोन फोन झाले. आजोबा आठवडाभर माझ्याशी फक्त 'हं' एवढेच बोलले. अखेर पॉलिसी मिळाली. अट एकच: रक्तदाब आणि त्यातून उद्भवणाऱ्या आजारांना पहिली तीन वर्षे संरक्षण नाही. (घोरण्याला कसलीच अट नव्हती. म्हणजे ते कोणी मनावरच घेतले नव्हते!)

तीन वर्षे सरली. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आजोबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अगं, छातीत काहीतरी दाटल्यासारखं वाटतंय." एरवी कारल्यासाठी घर डोक्यावर घेणारा माणूस हे इतक्या हळू बोलला की मी तडक रिक्षा बोलावली. हॉस्पिटलात स्टेंट टाकायचे ठरले. त्यांना आत नेले आणि मी विम्याच्या खिडकीसमोर माझी फाइल छातीशी धरून बसले. दत्ता कामे टाकून धावत आला होता.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, कंपनीची शंका आलीये. रक्तदाब जुना आहे. पॉलिसी घेताना सांगितला होता का?"

मी फाइल पुढे सरकवली. दत्ताच म्हणाला, "सांगितला हुता का? ताई, पुरवणी एक, वरून पयलीच ओळ! गोळीची येळ बी हाय!"

मुलीने प्रत उघडली, वाचली, खुदकन हसली. "एवढं नीट कुणीच लिहीत नाही हो." संध्याकाळच्या आत मंजुरी आली. मी दत्ताचे दोन्ही हात धरले. इंग्रजीतल्या त्या दोन नापासांबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी आजोबा उशीला टेकून बसले होते. मी देवाचे, डॉक्टरांचे, दत्ताचे असे सगळ्यांचे आभार मानत होते. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तुझ्या यादीत एक जुना आजार राहिलाय हं."

"कोणता?" मी घाबरले.

"बायको सविस्तर आहे. बेचाळीस वर्षं. बरा होत नाही, आणि व्हायलाही नको."

मी डोळे पुसले, पर्समधून वही काढली आणि पुढच्या नूतनीकरणासाठी नोंद केली: क्रमांक बत्तीस.