उलटी करून लावलेली फिल्म

“रशीदभाई, ही फिल्म कांचनची नाहीच. दुसऱ्या कुणाची तरी हिच्या पाकिटात आलीय.”

आमच्या छातीरोगाच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. समोर कांचन बसली होती, मुदखेडजवळच्या गावातली वीस वर्षांची मुलगी. शेजारी तिची आई. व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे मागून उजेड असलेल्या काचेवर, दीड वर्षापूर्वीचा एक्स-रे लावलेला होता. त्यात हृदय डावीकडं होतं. स्टेथोस्कोपला मात्र ठोके उजवीकडं लागत होते.

“नवा काढून आणा,” मॅडम म्हणाल्या.

नांदेडात एक्स-रे टेक्निशियन म्हणून मी सव्वीस वर्षं काम करतोय. त्या दिवशी मात्र प्लेट दोनदा तपासून लावली. कारण जुनी फिल्म मीच काढली होती आणि ती मला चांगलीच आठवत होती. तेव्हा स्क्रीनवर हृदय उजवीकडं दिसलं. मला वाटलं, गर्दीत आपल्याकडूनच काहीतरी उलटसुलट झालं. संगणकावर फ्लिपचं बटण असतं, चित्र आरशातल्यासारखं फिरवणारं. ते दाबलं, बाजूला डावीसाठीचं ‘L’ टाइप केलं, प्रिंट काढली. खरं तर शिशाचं अक्षर आधीच प्लेटवर चिकटवायचं असतं, म्हणजे चित्र फिरवलं तर अक्षरही उलटं दिसतं. घाईत मी ते लावलं नव्हतं.

वर कांचनच्या आईनं तेव्हाच सांगितलं होतं, “भाऊ, हिचं काळीज उजवीकडं वाजतंय. ल्हान होती तवापास्नं.” मी हसून म्हणालो होतो, “मावशी, काळीज सगळ्यांचं डावीकडंच असतं.”

तीच फिल्म घेऊन त्या गावाकडच्या दवाखान्यात गेल्या. कांचनला जन्मापासून खोकला, नाक कायम वाहतं. फिल्मवरचे डाग पाहून तिकडच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. सहा महिने घेऊनही खोकला हलला नाही. नर्सिंगच्या होस्टेलनं ‘आधी बरी होऊन ये’ म्हणून घरी पाठवलं. परीक्षा तोंडावर आली होती.

नवी फिल्म आली. हृदय उजवीकडंच.

“बघा, जुनी हिची नव्हतीच,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे हे डाग कधीचे, ते कळायला मार्ग नाही. टीबी परत उलटला असं धरून गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतील.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण कांचनचा चेहरा गोळ्यांचं नाव काढताच पडला. मी उठलो, जुनी फिल्म काढली, उलटी केली आणि नव्या फिल्मशेजारी लावली.

“मॅडम, ही हिचीच आहे. मी फिरवली होती.”

दोन्ही फिल्म जशाच्या तशा जुळल्या. तेच हृदय, तेच डाग, त्याच जागी. म्हणजे सहा महिन्यांच्या गोळ्यांनी काडीचा फरक पडला नव्हता.

 मॅडमच्या आधी कांचनच्या आईच बोलल्या.

“पोरीनं वकून वकून गोळ्या खाल्ल्या, भाऊ. मी तवाच म्हणलं व्हतं की.”

“हाव मावशी, चुकलं माझं,” एवढंच म्हणता आलं.

मॅडमनी मला त्यांच्यासमोर एक शब्द सुनावला नाही. नंतर एकट्याला सुनावलं, ते वेगळं. त्यांनी कागद ओढला आणि आईला समजावलं. श्वासाच्या नळ्यांत बारीक केस असतात, ते झाडूसारखे हलून कफ बाहेर लोटतात. काही लेकरांचे हे केस जन्मतःच नीट हलत नाहीत. मग कफ साचतो, फुप्फुसं खराब होतात. पोटात बाळ घडताना हृदय कुठल्या बाजूला जाणार, हेही असलेच केस ठरवतात. ते हलले नाहीत तर निम्म्या जणांचं हृदय उजवीकडं जातं.

“नात्यात लग्न झालंय का तुमचं?”

“हाव. माह्या आत्याच्या लेकाला दिलंय मला.” मग आवाज खाली गेला. “सासू म्हणती, रोग माह्या पोटातून आला.”

“एकट्या तुमच्याकडून येतच नाही हा. बिघडलेला जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन जमले तरच होतो. नात्यात लग्न झालं की तोच जनुक दोघांकडंही असायची शक्यता वाढते. तुम्ही दोघंही चांगले, दोष कुणाचाच नाही.”

कांचनच्या आईनं पदर तोंडाला लावला. आते-मामेभावंडांची लग्नं माझ्याही खानदानात आहेत. हे मलाही त्या दिवशीच उमगलं.

सीटी स्कॅन झाला, थुंकी तपासली. टीबी नव्हता. जनुकांची तपासणी बाहेर पाठवली, तिनंही मॅडमचंच म्हणणं खरं ठरवलं. हा आजार मुळापासून जात नाही. रोज वाफ, छाती थोपटून कफ काढणं, संसर्ग झाला की लगेच औषध. पण ‘टीबी नाही’ ही चिठ्ठी घेऊन कांचन होस्टेलला परतली आणि परीक्षेला बसली.

आता ती लोह्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तपासणीला आली की एक्स-रेआधी प्लेटकडं बोट दाखवते. “मामा, अक्षर लावलं का?” मी लावलेलं असतं, तरी काढून पुन्हा नीट लावतो. मामा म्हणते, हेच माझ्यावर उपकार आहेत. मॅडमनी नोकरीवर ठेवलं, तेही.

मशीन चुकलंय असं वाटलं की आता मी बटण दाबत नाही. आधी पेशंटच्या आईला विचारतो.